कढई, रतीब आणि गल्ला: शहापूरच्या कुंद्याच्या भट्टीवरच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

विषय मंजूर झाला: ‘खर्च व विक्रीचे प्रमाण यांतील बदलांचा नफ्यावर होणारा परिणाम’. वर्गातल्या बहुतेकांनी साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल घेतलेत. आपल्या जिल्ह्यात कारखाने भरपूर, अहवाल आयते मिळतात. मी मामांची कुंद्याची, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या मिठाईची, भट्टी घेतली. मॅडम म्हणाल्या, ‘आकडे खरे मिळतील का?’ मी हो म्हणून बसले.

येळ्ळूरहून बेळगावच्या शहापूरला बस. कर्नाटकात बायकांना मोफत बसप्रवास देणारी शक्ती योजना सुरू झाल्यापासून, म्हणजे जून २०२३ पासून, मला तिकीट नाही. त्यामुळे या प्रकल्पाचा प्रवासखर्च शून्य. फक्त बस कधी येईल याचा हिशोब कुठल्याच पुस्तकात बसत नाही.

मामांना पहिला प्रश्न विचारला: किलोला नफा किती? मान वर न करता उत्तर आलं, ‘चाळीस रुपये. गेली दोन वर्षं चाळीसच.’ मी लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. नफा दोन वर्षं एकाच आकड्यावर उभा राहिलाय, हे मला पटलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज एका कढईच्या शेजारी सकाळपासून वही घेऊन बसले. थोरल्या कारागिराने दोनदा विचारलं, ‘काय करूलाईस गं हे?’ तिसऱ्यांदा विचारलं नाही.

एका कढईत २० लिटर म्हशीचं दूध. उकळी फुटली की थोडं दही, म्हणजे दूध रवाळ फाटतं. मग आटवणं, अडीच किलो साखर, आणि साखरेचा रंग चढेपर्यंत सतत ढवळणं. कुंद्याचा तपकिरी रंग वरून घातलेला नसतो, तो आचेचा असतो. शेवटी वेलची. उतरल्यावर वजन केलं: ६.४ किलो.

दूध ५८ रुपयांनी १,१६०. साखर ४४ ने ११०. दही, वेलची ३०. गॅस दोन किलो. १९ किलोचं सिलिंडर पोचेसह १,७५० च्या आसपास पडतं, म्हणून १८४. एकूण १,४८४. भागिले ६.४, किलोला २३२. अर्ध्या किलोचं खोकं पिशवीसकट ९ रुपये, म्हणजे किलोला १८. बेरीज २५०.

हा बदलता खर्च. कढई चढली नाही तर यातला एक रुपयाही लागत नाही. विक्रीचा दर ४००. म्हणजे किलोला १५० रुपये सुटतात.

मामा म्हणाले, ‘दीडशे? मग मी बंगला नसता बांधला?’

६ ऑगस्ट

उरलेले खर्च, म्हणजे शटर उघडलं नाही तरी द्यावेच लागणारे. दुकानभाडं १४,०००. दोन कारागिरांचे पगार मिळून ३०,०००. काउंटरवरचा पोरगा ९,०००. वीज ३,२००, त्यातली बरीचशी फ्रीजची. फ्रीजचा घसारा आणि कर्जाचं व्याज २,३००. मामा इथे पूर्ण हप्ता धरायचे. मी मुद्दल बाहेर काढली, कारण मुद्दल फेडणं हा खर्च नव्हे, ते देणं कमी करणं आहे. यावर अर्धा तास गेला. फोन, परवाने, किरकोळ १,५००. एकूण ६०,०००.

दुकानाची पाटी मामांनी गेल्या वर्षी बदलली. कन्नड ६० टक्के आणि ती वरच्या बाजूला, हा नियम आल्यावर ११,००० गेले. मामांना ते पैसे किलोमागे चार आणे चढवून ‘काढायचे’ आहेत. पाटीचे पैसे गेले ते गेले, ते दरात घातले काय नि न घातले काय, परत येणार नाहीत. दर काय ठेवायचा ते गिऱ्हाईक किती देईल यावर ठरणार. मामांना हे मान्य नाही. पाटीचा राग आणि पाटीचा खर्च त्यांच्याकडे एकाच खात्यावर आहेत.

जुलैत ५४० किलो विकलं. ५४० गुणिले १५०, ८१,०००. वजा ६०,०००. नफा २१,०००. भागिले ५४०, किलोला ३९ रुपये. मामांचे चाळीस बरोबर निघाले! पण बरोबर निघाले ते जुलैपुरते. ४०० किलो विकले असते तर किलोला शून्य. ८०० विकले असते तर ७५. जो आकडा किलो बदलले की बदलतो तो किलोचा नव्हेच. किलोचे ते दीडशे. आमच्या पुस्तकात त्याला अंशदान म्हणतात. भट्टीवर हा शब्द उच्चारला तेव्हा धाकटा कारागीर म्हणाला, ‘कसलं दान?’ म्हणून इथून पुढे ‘सुटती रक्कम’.

ना नफा ना तोटा: ६०,००० भागिले १५०, म्हणजे ४०० किलो. महिन्याच्या २२-२३ तारखेपर्यंत मामा भाड्यासाठी, पगारासाठी आणि विजेसाठी कढई ढवळतात. शेवटच्या आठवड्यात स्वतःसाठी.

हे वाक्य मी मोठ्याने म्हणायला नको होतं. मामी खोकी दुमडत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘आणि आमचा पगार कुठं लिहिलास?’

लिहिला नव्हता. मामा पहाटे साडेचारला भट्टीवर असतात, मामी दुपारभर काउंटर आणि खोकी बघतात. मामांनी हेच काम दुसऱ्याकडे केलं असतं तर वीसेक हजार मिळाले असते. तेवढे वजा केले तर जुलैचा नफा हजार रुपये. मी पेन्सिलने समासात लिहून ठेवलं.

७ ऑगस्ट

जुन्या वहीत एक पान सापडलं. मे महिन्यात एका लग्नाची ऑर्डर होती, ८० किलो, ३३० चा दर, खोकी नकोत, डब्यात भरून. मामांनी नाही म्हटलं. कारण: ‘आपल्याला ३६१ पडतं.’ २५० अधिक भाड्यापगाराचे १११. पण भाडं नि पगार त्या लग्नाने वाढणार नव्हते. कढया रिकाम्या होत्या, कारागीर दुपारी पत्ते खेळत होते. खोक्याशिवाय खर्च २३२, सुटले असते ९८. ऐंशी किलोचे ७,८४०. मामा गप्प झाले. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. ही नोंद मुद्दाम ठेवतेय, पुढे लागेल.

११ ऑगस्ट, सोमवार

मॅडमनी विचारलं, कुठली गोष्ट एक टक्क्याने हलली तर नफा किती हलतो ते मांडलंस का? बसमध्ये बसून मांडलं. जुलैचा २१,००० धरून:

दर एक टक्का वाढला, म्हणजे ४ रुपये: नफा २,१६० ने वर, १०.३ टक्के.
बदलता खर्च एक टक्का घटला: १,३५०, म्हणजे ६.४ टक्के.
विक्री एक टक्का वाढली, साडेपाच किलोच्या आत: ८१०, म्हणजे ३.९ टक्के.
स्थिर खर्च एक टक्का घटला: ६००, म्हणजे २.९ टक्के.

मामांचा आयुष्यभराचा मंत्र ‘माल खपला पाहिजे’. तो या यादीत तिसरा. आणि घरमालकाशी दर वर्षी होणारं भांडण सगळ्यात खाली. पंधरा वर्षं ते भांडण मी ऐकतेय.

१४ ऑगस्ट

नारळी पौर्णिमेसाठी जादा केलेल्यातला १४ किलो माल बुरशीने गेला. पावसाळी हवा, हे खरं. पण थोरल्या कारागिराकडे त्या आठवड्याच्या कढया ६.७ किलोच्या उतरल्याचं दिसलं. मी चार दिवसांपूर्वी ते बघून खूष झाले होते: उतारा वाढला, खर्च घटला! उतारा वाढला होता तो पाण्याने. घाईत कढई दहा मिनिटं आधी उतरवली, ओल राहिली, माल आठवडाही टिकला नाही.

धाकट्या कारागिराचं उलटं. त्याच्या कढया ६.१ ला उतरतात. तो खरवड तळाला लागू देतो, नंतर ती खरवडून स्वतः नि काउंटरचा पोरगा खातात. ६.४ ऐवजी ६.१ म्हणजे किलोला २३२ चे २४३. अकरा रुपये. खरवड चवीला कुंद्याहून चांगली लागते, हे मी प्रकल्पासाठी तपासलं.

कढईचं वजन आता रोज फळ्यावर लिहायचं ठरलं. ६.३ च्या खाली गेलं तर विचारायचं, ६.५ च्या वर गेलं तरी विचारायचं.

१९ ऑगस्ट

मामांनी काउंटरवरचा क्यूआर कोड उलटा करून ठेवलाय. बेंगळुरूकडे जुलैत छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या रकमा बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, ते पेपरात वाचल्यापासून. मी वर्षाची बेरीज करून दाखवली: २६-२७ लाख. मालाच्या व्यवसायाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. क्यूआर सुलटा झाला. तरी रोज संध्याकाळी मामा त्याच्याकडे एकदा संशयाने बघतात.

१ सप्टेंबर, सोमवार

ऑगस्ट संपला. श्रावण, राखी, आणि २७ ला गणपती. विक्री ७१० किलो, म्हणजे जुलैपेक्षा ३१ टक्के जास्त. कागदावरचं सूत्र म्हणतं नफा ४६,५००, जुलैच्या दुपटीहून वर. मामांच्या गल्ल्यात तेवढे नव्हते. ते म्हणाले, ‘तुझं गणित चुकलं.’ मी म्हटलं, ‘गल्ला चुकला.’ रात्री नऊपर्यंत जुळवत बसलो.

गणपतीसाठी १२ दिवस एक मदतनीस रोजावर घेतला होता, ५०० प्रमाणे ६,०००. तो मी स्थिर खर्चात धरला नव्हता आणि बदलत्यातही नाही. बुरशीचे १४ किलो, खोकी सोडून ३,२५०. दोन्ही वजा केल्यावर ३७,२५०. गल्ला आणि वही जुळली, अठ्ठावीस रुपये कमी. ते अठ्ठावीस मामींनी आरतीच्या ताटात टाकले होते.

तरीही, विक्री ३१ टक्के वाढली आणि नफा ७७ टक्के. सणात हात सैल का सुटतात ते कळलं. पण हेच उतरताना तितक्याच वेगाने उतरणार.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन झालं, पितृपक्ष लागला आणि सांबऱ्याकडचा गवळी लिटरला ४ रुपये वाढवून मागायला आला. ‘हिंडी तुट्टी आग्यदरी,’ म्हणजे पेंड महागली. एप्रिलमध्ये कर्नाटक दूध महासंघाचं नंदिनी दूध चार रुपयांनी वाढलं तेव्हा त्याने दर वाढवला नव्हता, हेही त्याने आठवण करून दिलं. त्याचंही खरं. वीस वर्षांचा रतीब आहे, मामांनी घासाघीस केली पण जीव लावून नाही.

एक किलो कुंद्याला ३.१२५ लिटर दूध जातं. म्हणजे चार रुपयांचे साडेबारा होतात. बदलता खर्च २६२.५०, सुटती रक्कम १३७.५०. ना नफा ना तोटा ४०० वरून ४३७ किलोवर. ५४० किलोच्या महिन्यात नफा २१,००० चा १४,२५०.

दूध सात टक्के महागलं, नफा ३२ टक्के घसरला.

मामांचं उत्तर तयार होतं: ‘जास्त खपवायचं. समोरच्याचा दर ३८० आहे, आपणही ३८० करूया.’ मांडून बघितलं. ३८० ला सुटतात ११७.५०. जुनाच २१,००० हवा असेल तर ६९० किलो खपायला हवेत, १५० किलो जास्त. पितृपक्षात! समोरचा गप्प बसेल हे गृहीत धरून. आणि तो ३८० ला कुठलं दूध वापरतो ते थोरला कारागीर सांगतो, इथे लिहीत नाही.

मी म्हटलं, ४२० करा. मामा दचकले. ‘गिऱ्हाईक तुटेल.’ किती तुटेल हा प्रश्न. ४२० ला सुटतात १५७.५०. दर न वाढवता मिळणारे १४,२५० गाठायला ४७२ किलो पुरतात. म्हणजे ६८ किलो, आठातलं एक गिऱ्हाईक गेलं तरी आपण होतो तिथेच राहतो.

मामी म्हणाल्या, ‘आठातलं एक कोण जाईल सांगू? ते रोज चव बघून पाव किलो नेणारे. जाऊ दे की.’

१५ सप्टेंबर

आजपासून ४२०. पाटी काउंटरच्या पोराने लिहिली, तिन्ही भाषांत. पहिल्या गिऱ्हाइकाने विचारलंच नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल जीएसटीचे नवे दर लागू झाले. मिठाई पूर्वीही ५ टक्क्यांत होती, आताही. तूप १२ चं ५ झालं, पण कुंद्यात आपण तूप घालत नाही. खोक्यांवरचा १२ चा ५ झाला. खोकंवाल्याने उतरवला तर किलोमागे रुपयाच्या थोडं वर, महिन्याला सहाशे. खोकंवाल्याने ‘जुना स्टॉक’ असं म्हटलं आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मोठी बातमी. गोव्याहून, म्हापशाच्या एका मिठाई व्यापाऱ्याचा फोन. ऑक्टोबर ते जानेवारी, पर्यटकांचा हंगाम, महिन्याला ३०० किलो, दर ३२०, माल तिथे पोच. मामा म्हणाले, ‘परवडत नाही, आपल्याला ३७०च्या वर पडतं.’ मी मेच्या लग्नाचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

खोक्याशिवाय २४४.५०, मोठे डबे ६ रुपये धरले की अडीचशेच्या घरात. चोर्ला घाटातून भाजीच्या टेम्पोत जागा घेतली तर १२ रुपये. वरचे पैसे सोडले तर २६२. सुटले ५८. तीनशे किलोचे १७,४००. दर महिन्याला! मामांनी मला चहा स्वतः आणून दिला.

२७ सप्टेंबर

थोरल्या कारागिराने एका वाक्यात पाणी ओतलं: ‘दिवसाला पाच कढयांवर सहावी बसत नाही.’ पाच कढया, ३२ किलो, २६ दिवस, ८३२ किलो. आपले ५४० आणि गोव्याचे ३०० म्हणजे ८४०. आणि दिवाळीत आपले ५४० राहत नाहीत. तिसरा माणूस लागणार, १४,०००. मेमध्ये कढया रिकाम्या होत्या. ऑक्टोबरात नाहीत. एकाच वहीचं एकच पान दोन महिन्यांत दोन उत्तरं देतं, आणि मी ते न बघता उघडून धरलं होतं.

१७,४०० मधून १४,००० गेले. उरले ३,४००. घाट, पाऊस आणि उधारी यांच्यासमोर ३,४०० म्हणजे काहीच नाही. तरी मामा म्हणाले, ‘आहेत ना?’

२९ सप्टेंबर, सोमवार

मॅडमना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं: ‘गोवा कुठल्या राज्यात आहे?’

माझी कानशिलं तापली. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर ४० लाखांची सूट चालत नाही. पहिल्या किलोपासून नोंदणी सक्तीची. छोट्या व्यावसायिकांना विक्रीवर सरसकट एक टक्का कर भरू देणारी कंपोझिशन योजना घ्यावी, तर त्या योजनेतल्याला परराज्यात माल विकता येत नाही. म्हणजे नेहमीची नोंदणी. आणि एकदा नोंदणी झाली की कर फक्त गोव्याच्या मालावर नाही, काउंटरवरच्या प्रत्येक किलोवर.

काउंटरचा ४२० करासह धरला तर आपल्या हाती ४००. वीस गेले. गॅसवर १८ टक्के, साखर नि खोक्यांवर ५ टक्के आपण भरतो त्याची वजावट मिळेल, किलोला सहा रुपये. दुधावर कर नाही म्हणून तिथून वजावटही नाही, आणि आपला मोठा खर्च दूधच. म्हणजे किलोला १४ चा फटका, ५४० किलोवर ७,५६०. विवरणपत्रं भरून देणाऱ्याची फी १,५००. गोव्याच्या मालातली वजावट जमेला धरली, १,६५०.

३,४०० अधिक १,६५० वजा ७,५६० वजा १,५००. उणे ४,०१०.

तीनशे किलो जास्त करून, घाट उतरून, महिन्याला चार हजार गमवायचे.

बाहेर येऊन बसस्टॉपवर बसले. महाराष्ट्रातलं चंदगड इथून चाळीसेक किलोमीटर. माझी आत्या तिथे दिली आहे, तिथलं मिठाईचं दुकान तिच्या गल्लीत आहे, पाट्या, बोली, सोयरिका सगळं आपलंच. तिथे दहा किलो पाठवले तर परराज्य. बेंगळुरू पाचशे किलोमीटर, तिथे टनाने पाठवला तर आपल्याच राज्यात. सीमाप्रश्न लहानपणापासून भाषणांत ऐकला. तो कुंद्याच्या किलोमागे चौदा रुपयांना पडतो हे आज कळलं. (काउंटरवर येऊन चंदगडचा माणूस स्वतःसाठी घेऊन गेला तर ती इथलीच विक्री. आत्याला निरोप दिला.)

३० सप्टेंबर

मामांना सांगितलं. वाटलं रागावतील. त्यांनी म्हापशाला फोन लावून नम्रपणे नाही म्हटलं, आणि मला म्हणाले, ‘मेचं पान उघडलंस तेव्हाच मला वाटलं होतं काहीतरी राहिलंय.’ वाटलं होतं तर बोलायचं की! ते म्हणाले, ‘तू एवढी खूष होतीस.’

धारवाडला ओळखीचं एक दुकान आहे. त्याला ३४० ने महिन्याला ६० किलो विचारायचं ठरलं. साठ किलो पाच कढयांत बसतात. दिवाळी सोडून. वर्षाची बेरीज ४० लाखांच्या आतच राहते.

१५ ऑक्टोबर

दरवाढीला महिना झाला. १५ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, विक्री ५०७ किलो. सुटले ७९,८५०. नफा १९,८५०. दर तोच ठेवून ५४० किलो विकले असते तर १४,२५० मिळाले असते.

मी अहवालात लिहिलं होतं, ‘दरवाढीमुळे विक्री सहा टक्के घटली.’ मॅडमनी ‘मुळे’ शब्दाला गोल केला. पितृपक्षाचा आठवडा यात आहे, नवरात्राचे उपवास यात आहेत. मामांची गेल्या वर्षीची वही काढली: पितृपक्ष-नवरात्राच्या महिन्यात ५१५ किलो, दर न वाढवता. मग घट दराची किती, तिथीची किती? आठ किलो म्हणावेत तर तेही छातीठोक नाही. ‘मुळे’ काढून ‘नंतर’ लिहिलं.

२४ ऑक्टोबर

दिवाळी. मी प्रकल्प वगैरे बाजूला ठेवून पाच दिवस काउंटरवर उभी होते. नोंद नाही. पाय दुखतात. धाकट्याच्या कढया आता ६.४ ला उतरतात, खरवड संपली म्हणून काउंटरचा पोरगा नाराज.

१ नोव्हेंबर, शनिवार

काळा दिवस, १९५६ मध्ये बेळगाव आताच्या कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाचा. मामांचं दुकान बंद. आजोबांच्या वेळेपासून आज शटर उघडलेलं नाही.

सवयीने मी वहीत मांडायला घेतलं: दिवसाला सरासरी १८ किलो, गुणिले १५७.५०, सुटती रक्कम गेली २,८३५, आणि भाडं-पगार चालूच. मामांनी वही माझ्या हातातून काढून घेतली नाही, नुसता तळवा पानावर ठेवला. ‘हा दिवस मांडायचा नाही.’

तक्त्यात ‘बंद: १ दिवस’ एवढंच ठेवलं. रकमेचा रकाना कोरा. मॅडम विचारतील तेव्हा विचारतील.

८ नोव्हेंबर, शनिवार

अहवाल दिला. परतताना भट्टीवर वही द्यायला गेले. ती आता मामांनी स्वतःसाठी ठेवून घेतली आहे. नोव्हेंबरच्या पानावर स्थिर खर्चाची यादी कुणीतरी आधीच लिहिली होती. भाडं, कारागीर, पोरगा, वीज, फ्रीज, किरकोळ. खाली वेगळ्या अक्षरात, निळ्या पेनने, एक ओळ जास्त: ‘मी – ६,०००’.

मामा वाचून माझ्याकडे वळले. ‘मग आता ना नफा ना तोटा किती झाला?’

६६,००० भागिले १५७.५०. ‘चारशे एकोणीस.’

‘आधी?’

‘तीनशे एक्याऐंशी.’

‘म्हणजे अडतीस किलो तुझ्या मामीसाठी करायचे महिन्याला.’

मामींनी खोक्यांवरून हात न काढता म्हटलं, ‘मग करा की.’